दोन भावांची दोन कुलुपं

आमच्या भांड्यांच्या दुकानाला दोन कुलुपं आली ती शेजारच्या कापडवाल्यामुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी चोरांनी त्याचं दुकान साफ केलं, पण कडी-कोयंडा जागच्या जागी होता. कुणीतरी किल्लीनंच दार उघडलं होतं. मग बोभाटा झाला की हे त्याच्या मेव्हण्याचंच काम. खरंखोटं देव जाणे, पण नाशिकच्या आमच्या त्या गल्लीत एकाएकी सगळ्यांना आपापले नातेवाईक आठवले आणि कुलुपं विकणाऱ्याची चंगळ झाली.

वडिलांनी दोन पितळी कुलुपं आणली. वरच्याची किल्ली त्यांच्याकडे, खालच्याची त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे काकांकडे. एकाला दुसऱ्याशिवाय दुकान उघडता येऊ नये, अशी ही युक्ती. काका हसत म्हणाले, "दादा, हे चोरासाठी का माझ्यासाठी?"

"चोरासाठीच रे, तू पण ना!" वडील म्हणाले, पण काकांकडे न बघता. मला तेव्हा वडिलांचा राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

तेव्हापासून एक रीतच पडली. एकजण कुलपाशी वाकला की दुसऱ्याने पाठ फिरवून रस्त्याकडे बघायचं. आपलं कुलूप ओढून बघायचं, भावाच्या कुलपाला बोटही लावायचं नाही, कारण तो संशय दिसला असता. भारीच सभ्य माणसं! दोघांतलं बोलणं मात्र गिऱ्हाइकापुरतं उरलं. दुपारी आमच्याकडे जेवायला येणारे काका घरून डबा आणू लागले.

ऐंशी साल उजाडल्यानंतर काका गेले, छातीत कळ येऊन, अचानक. तेराव्यानंतर वडील दुकान उघडायला निघाले. कॉलेज संपवून मी दुकानात बसू लागले होते, म्हणून मीही बरोबर होते. वडिलांनी आपलं कुलूप काढलं, सवयीने बाजूला झाले, रस्त्याकडे तोंड केलं आणि तसेच उभे राहिले. पायरीवर पिंपळगावचा एक शेतकरी लग्नाच्या भांड्यांसाठी येऊन बसला होता.

"शेठ, परवा लगीन हाय. उघडायचं नाय का आज?"

वडील भानावर आले. शेजाऱ्याने हातोडी पुढे केली तर त्याच्यावर खेकसले, "भावाचं कुलूप फोडू? मग चोर मीच की!" मला म्हणाले, "काकूकडून किल्ली घेऊन ये."

काकूने देवघराच्या कोनाड्यातून किल्ली काढली. नवीकोरी, दुकानदाराने बांधून दिलेल्या दोऱ्यासकट. "ही त्यांनी कधी नेलीच नाही गं," ती म्हणाली.

मी परत येऊन तेच सांगितलं. वडिलांनी पहिल्यांदाच त्या खालच्या कुलपाला हात लावला. नुसतं ओढताच ते उघडून त्यांच्या हातात आलं. काका ते फक्त अडकवत होते. वडिलांना कधीही एकट्याने दुकानात जाता आलं असतं. काकांना मात्र वडिलांच्या कुलपामुळे कधीच नाही.

वडील पायरीवर बसले आणि त्या परक्या गिऱ्हाइकासमोर रडले.

पुढे संध्याकाळी दुकान वाढवताना वडील आपल्याही कुलपाला किल्ली लावेनात. दोन्ही कुलुपं नुसती अडकवायचे, बाजूला होऊन रस्त्याकडे बघत थांबायचे, आणि मनाशी काहीतरी पटल्यावर चालू लागायचे.

"बाबा, चोर येतील," मी म्हणायची.

"येऊ देत. तुझा काका आला तर त्याला बाहेर उभं राहायला लागू नये."

पण त्या दुकानावर दोन घरं जेवत होती, काकूचंही. भांडी गेली असती तर दोन्ही घरं रस्त्यावर आली असती. म्हणून काहीतरी निमित्त काढून मी मागे राहायची आणि वरच्या कुलपाला घरात पडून असलेली त्याची दुसरी किल्ली फिरवायची. सकाळी वडिलांच्या आधी येऊन ते उघडून पुन्हा नुसतं अडकवून ठेवायची. त्यांना कळलं असेल का, मला ठाऊक नाही. किल्ली फिरली की खट्ट व्हायचं, आणि माझ्या मागे कुणीतरी रस्त्याकडे तोंड करून उभं आहे असं वाटायचं. मी वळून बघितलं नाही, एकदाही नाही. वडील गेल्यावरही मी दुकान चालवलं, आणि रोज संध्याकाळी काकांना बाहेर ठेवणारी मीच होते.