दीड वर्षानंतरही गळणारे केस

“मॅडम, हे दोन दिवसांचे केस हायेत.” सुषमानं पिशवी टेबलावर ठेवली. मी उघडून पाहिली नाही. केस गळणाऱ्या बायका पिशव्या आणतातच. डॉक्टरला खरं वाटावं म्हणून.

मी अकोल्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. कातडी, नखं आणि केस, हे माझं काम. सुषमा मूर्तिजापूरजवळच्या गावातली, वय अठ्ठावीस. मुलगा दीड वर्षाचा. तिची ही तिसरी भेट होती. सोबत नेहमीप्रमाणे सासूबाई.

पहिल्या भेटीत मी तिला जे सांगितलं होतं, ते सगळ्याच नव्या आयांना सांगते. गरोदरपणात केस गळायचे थांबतात. जे एरवी रोज थोडे थोडे गळाले असते, ते डोक्यावर टिकून राहतात. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी ते सगळे एकदम निघतात. बाई घाबरते. पण वर्षभरात गाडी रुळावर येते.

वर्ष उलटलं तरी गळती थांबली नाही, तर मात्र शोधावं लागतं. आपल्याकडे पहिला संशय रक्त कमी असण्यावर. मग थायरॉइड. मग खाणं: घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवणाऱ्या बाईला डाळ-अंडं किती मिळतं, हा प्रश्न. शिवाय काही औषधं, ताण, आईकडून-वडिलांकडून आलेला विरळपणा.

सुषमाचं हिमोग्लोबिन कमी निघालं. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या भेटीत टीएसएच ही थायरॉइडची तपासणी केली. नॉर्मल आली. मी निर्धास्त झाले आणि गोळ्या वाढवल्या.

आता तिसरी भेट. केस तसेच. चेहरा आणखी फिका, थोडा सुजल्यासारखा.

“गोळ्या घेतल्या का नीट?”

“घेतल्या नं मॅडम.”

सासूबाई मध्येच बोलल्या, “गोळ्या खाते अन् झोपून रायते. बाळंतपन काय हिलेच झालं? आमी सव्वा महिन्यात वावरात जात होतो.”

सुषमा हळूच म्हणाली, “मॅडम, तो कूलर बंद करता का? मले थंडी वाजून राहिली.”

मे महिना होता. दुपारचा एक. अकोल्यातल्या मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी कूलर बंद केला आणि केस सोडून बाकीचं विचारायला लागले. खरं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

“बाळाला दूध किती महिने पाजलंस?”

“आलंच नाही मॅडम. दोन दिवस थेंब-थेंब आलं, मंग तेही बंद.”

“पाळी सुरू झाली?”

“नाही. अजून नाही.”

“आणि काखेतले केस?”

ती लाजली. सासूबाईंकडे पाहत म्हणाली, “तेही गेले.”

माझ्या कागदावर पहिल्या भेटीत लिहिलेलं होतं: डिलिव्हरी नॉर्मल. मी पुन्हा विचारलं.

“नॉर्मलच झाली,” सासूबाई म्हणाल्या. “सिझर नाही झालं. पन रक्त लय गेलं. बेसुद पडली होती. गाडीत टाकून अकोल्याले आनलं, चार बाटल्या रक्त चढवलं तवा वाचली.”

आपल्याकडे सिझर नाही म्हणजे नॉर्मल. मी तो शब्द जसाच्या तसा उतरवून घेतला होता.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. हरभऱ्याएवढी. आईचं दूध, पाळी, थायरॉइड, अंगातली ताकद टिकवणारं कॉर्टिसोल, या सगळ्यांना हुकूम तिथून जातो. गरोदरपणात ती मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं. नेमक्या बाळंतपणात फार रक्त गेलं, तर कधी कधी ती सुकते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला जाणारा तिचा हुकूम. हुकूम देणारीच आजारी असेल, तर तो आकडा नॉर्मल दिसूनही फसवतो.

मी तिचं बीपी घेतलं. नव्वदच्या खाली. थायरॉइडची गोळी लिहायला पेन उचललं. मग थांबले. हा माझा प्रांत नव्हता. अमरावतीला अविनाश नावाचा माझा वर्गमित्र फिजिशियन आहे. त्याला फोन लावला.

सगळं ऐकून त्यानं पहिलं विचारलं, “थायरॉइडची गोळी दिलीस का?”

“लिहिणारच होते.”

“लिहू नकोस. कॉर्टिसोल नसताना ती दिली, तर पेशंट कोसळेल. जीव जाऊ शकतो. आधी स्टेरॉइड, मग थायरॉइड. आजच पाठव.”

मी पेन खाली ठेवलं.

सासूबाईंना म्हटलं, “काकू, आज घरी जायचं नाही. सरळ अमरावती.”

“केसांसाठी अमरावती?”

“केसांसाठी नाही. ही आळशी नाही, काकू. दीड वर्षापासून आजारी आहे.”

त्या सुनेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग काहून बोलली नाही वं तू?”

“बोलली होती,” सुषमा म्हणाली.

सासूबाईंनी आपला पदर तिच्या खांद्यावर टाकला आणि तिला धरून जिना उतरल्या.

तपासण्यांत तेच निघालं. कॉर्टिसोल फार कमी, थायरॉइडचं संप्रेरक कमी. एमआरआयमध्ये ग्रंथी सुकलेली. आधी कॉर्टिसोलची उणीव भरणारं स्टेरॉइड, काही दिवसांनी थायरॉइडची गोळी. तीन आठवड्यांत सुषमा मुलाला कडेवर घेऊन गावातल्या दुकानापर्यंत चालत गेली. हे सासूबाईंनी फोन करून सांगितलं, मी न विचारता.

गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. ताप आला तर स्टेरॉइडचा डोस वाढवायचा, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना गाठायचा, आजार आणि गोळ्या लिहिलेलं कार्ड कायम जवळ ठेवायचं. केस यायला जवळपास वर्ष लागलं आणि पूर्वीइतके दाट ते झाले नाहीत. सुषमाची त्याबद्दल तक्रार नाही.

वर्षाहून जास्त काळ केस गळणारी आई आली, की डोक्यावर भिंग धरण्याआधी मी आता विचारते: बाळंतपणात रक्त किती गेलं, दूध आलं का, पाळी आली का. तीन प्रश्नांना एक मिनिट लागतं. मला तीन भेटी लागल्या होत्या.