पाय असलेला नाग

सहा वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे ओहायोतल्या डब्लिनला आल्या, तेव्हा बॅगेतून कुळीथ, मेतकूट, पापड सगळं निघालं. जिवतीचा कागद मात्र पुण्यालाच राहिला. श्रावणात देव्हाऱ्याशेजारी लावायच्या त्या छापील कागदावर नाग असतो. एरवी मी ‘चालतं हो’ म्हणून विषय संपवला असता. पण त्या नागपंचमीला त्यांच्या धाकट्या भावाची पुण्यात बायपास होती.

“आजच्या दिवशी आपण भेंडीसुद्धा चिरत नाही,” त्या सकाळी म्हणाल्या, “आणि तिकडे त्याची छाती चिरतायत. निदान नागाची पूजा तरी होऊ दे.”

तिकडच्या दुपारी, म्हणजे आमच्या पहाटे, ऑपरेशन सुरू झालं होतं. आमच्या प्रिंटरची शाई संपलेली. मी पेनानं नाग काढून दिला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, “हे गांडूळ आहे.”

माझी मुलगी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत एका संग्रहालयात काम करायची. जुन्या इराणी हस्तलिखितांमधल्या चित्रांची यादी करणं हे तिचं काम. ती वरून एक पोस्टकार्ड घेऊन आली. जांभळ्या खडकांतून वळसे घेत आलेला निळसर सर्प, प्रत्येक खवल्याला सोनेरी कड, हनुवटीला बोकडासारखी दाढी, खांद्यांतून ज्वाळा.

“पण आजी, इट्स अ ड्रॅगन. पाय आहेत त्याला.”

“असू देत. लांबचा आहे, चालत आला असेल.”

मग त्यांना घोडेस्वार दिसला. त्याची तलवार सर्पाच्या मानेत घुसली होती. “हा मेला कोण?”

“हीरो. तो ड्रॅगनला मारतो. मी पाहिलेल्या बहुतेक पेंटिंग्जमध्ये मारतातच.”

सासूबाईंनी कार्ड उभं धरलं आणि घोडेस्वार मागे जाईल अशी घडी घातली.

“आजी, नो! फोल्ड नको!”

“आज कापाकापी नाही.”

तरी तलवारीचं टोक मानेत उरलंच. त्यांनी त्यावर ओल्या हळदीचा गोळा लावला, पार झाकेपर्यंत. दूध-लाह्यांचा नैवेद्य झाला. मग त्या मांडीवर फोन घेऊन कार्डासमोर बसून राहिल्या. मी ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली आणि उगीचच ओटा दोनदा पुसला.

दहाच्या सुमारास फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. त्या रडल्या नाहीत. “दिंडं उकडायला ठेव,” एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी मामा व्हिडिओवर आले. “ताई, तुझ्या नागाला पाय आहेत म्हणे! म्हणूनच आज मला कॉरिडॉरमध्ये चालवलं.” सासूबाई इतक्या हसल्या की कवळी हातानं धरावी लागली. तसं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

त्या जाऊन दोन वर्षं झाली. मामा अजून रोज टेकडी चढतात. कार्ड माझ्या मसाल्यांच्या ड्रॉवरमध्ये असतं. माझा या सगळ्यावर विश्वास नाही. पण नागपंचमीला मी सुरी बाहेर काढत नाही आणि कार्ड त्याच घडीवर उभं करते.

मुलगी आता त्याच संग्रहालयात नोकरी करते. गेल्या महिन्यात तिनं मला मूळ पान दाखवलं. वहीएवढंच होतं. खवले, दाढी, ज्वाळा सगळं ओळखीचं, आणि उजवीकडे अख्खा घोडा, अख्खा माणूस. इतक्या वर्षांत मी त्याला साफ विसरले होते. हळद नसल्यामुळे सर्पाच्या मानेतून निघालेली रक्ताची बारीक धारही दिसत होती.

मी काचेवर त्या जागी अंगठा ठेवला.

“मॅम, प्लीज डोन्ट टच,” गार्ड म्हणाला.

“आई!” मुलगी कुजबुजली. मग तिनं अंगठ्याखाली काय आहे ते पाहिलं आणि गार्डला म्हणाली, “वन मिनिट, प्लीज.”