मुंबई कुठे संपते ते बघून आले

मुंबईला जायचं कारण नकाशा होता. आंधळगावच्या आमच्या शाळेने बाबांना व्हरांड्याच्या भिंतीवर मुंबईचा नकाशा काढायला सांगितला होता, सोमवारी, तेलरंगात. बाबा कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात आणि जमेल तेव्हा भिंती रंगवतात. मला अक्षरं आणि नकाशे त्यांनीच घरी शिकवले. शाळेत मी नंतर गेले.

त्याच भिंतीवर त्यांनी एकदा भंडारा जिल्हा काढला होता, गोंदियासकट. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. परीक्षेत मी तोच आकार काढला आणि माझा एक गुण गेला. गावातलं हसणं जास्त दिवस टिकलं. बाबांनी त्यानंतर नकाशा काढला नाही.

"तू पाहून ये," ते म्हणाले. "कुठून सुरू होते, कुठं संपते, सात बेटं हायेत का नाही. आता चुकलो त पोरायपुढं उभं राहाता येणार नाही मले."

साडीची नक्षी काढायच्या चौकटीच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीने सात बेटं काढून दिली.

जाणाऱ्यांसाठी: भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. नावावर विसंबू नका, तासभर आधी निघा. शयनयानाचं तिकीट आठ-दहा दिवस आधी काढा. डब्यात मी पोहे नेले होते, ते नागपूरच्या आधीच संपले.

समोर गोंदियाच्या एक काकू होत्या. मी भंडाऱ्याची म्हटल्यावर म्हणाल्या, "आमी बी तुमच्यातलेच होतो. वेगळे निघालो." सकाळी कल्याणला त्यांनी पिशव्या उचलल्या. "चला, आली मुंबई."

वरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "काकू, हे कल्याण आहे."

"सोळा वर्षं मुंबईत राहून राहिली मी. इथंच उतरते."

मी कागदावर कल्याण लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आधी मुंबादेवीला गेले, कारण नाव तिथून आलं असं बाबांनी शिकवलं होतं. रांग छोटी होती. फुलवाल्याने सांगितलं की देऊळ पूर्वी दुसरीकडे होतं. म्हणजे जिच्यावरून नाव पडलं तीही जागा बदलून बसली आहे. हेही लिहून घेतलं.

मग दिवसभर बसने कुलाबा, माझगाव, परळ, माहीम. सगळीकडे रस्ता होता. आमच्याकडे दोन बोड्यांमध्ये, म्हणजे छोट्या तळ्यांमध्ये, निदान मातीची पाळ असते; तसं दोन बेटांमध्ये पाणी असेल म्हणून मी प्रत्येक ठिकाणी ते शोधत होते. वरळी कोळीवाड्यात बोंबील निवडत बसलेल्या मावशींना शेवटी विचारलं, "बेट कुठे आहे?"

त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. "त्याच्यावरच उभी हायस. जरा सरक, मासली तुडवशील."

मी सरकले आणि वरळीवर बरोबरची खूण केली.

रात्री मामेबहीण सुनीताकडे वाशीला राहिले. गावात सगळे म्हणतात, सुनीता मुंबईला असते. तिलाच विचारलं, हे मुंबईत येतं का.

"नवी मुंबई. वेगळी महापालिका," ती म्हणाली. "पण गावात वाशी सांगितलं का लोकं विचारतात, मंग मुंबईले कवा जाशील? मी मुंबईच सांगते. तू बी तेच सांग."

"नकाशात कसं सांगू?"

"तुले कायले एवढं पडलं?"

मी तिला गेलेल्या गुणाबद्दल सांगितलं. तिने मला आणखी भात वाढला.

रविवारी घरी पोचले. बाबांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे संपते कुठं?"

"मला संपलेली दिसली नाही," मी म्हटलं. ऐकलेली एखादी हद्द सांगून टाकता आली असती. बघितली नव्हती, म्हणून सांगितली नाही.

सोमवारी बाबांनी पश्चिमेला समुद्र भरला. सात बेटं तुटक रेषेने काढली, कारण आता ती जोडलेली आहेत. उत्तरेला आणि पूर्वेला हद्दीची रेघ ओढली नाही. मागावर विणायचे राहिलेले धागे दिसतात तशा बारीक रेषा भिंतीच्या टोकापर्यंत नेल्या. कल्याण आणि वाशी त्या रेषांमध्ये बसली.

मुख्याध्यापक म्हणाले, "हद्द राहिली वाटतं."

"नाही, सर. कापड मागावरच हाय अजून."

सरांनी थोडा वेळ बघितलं आणि मुलांना रांगेने बघायला सोडलं. कोणी हसलं नाही. या नकाशामुळे कुणाचा गुण जाईल का, याची काळजी मला अजून आहे.

खाली कोपऱ्यात बाबा स्वतःचं नाव घालतात. या वेळी तिथे बारीक अक्षरांत लिहिलं आहे : पोरीनं पाहून आणला.