वाचून दाखविले

"आधी ऐक, मग अंगठा!"

पनवेलच्या मामलेदार कचेरीबाहेर बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहिणारे आमचे मास्तर दिवसातून वीसदा हे म्हणायचे. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, ख्रिस्ती. कोटाच्या खिशात बायबल. समोरचा माणूस शाईचा अंगठा पुढे करून ताटकळलेला, आणि हे आपले सावकाश अर्ज वाचून दाखवताहेत! वर विचारणार, "आता तू सांग, काय लिवलंय?" त्याने बरोबर सांगितलं, तरच अंगठा.

मी आत कारकून. नवा, चुणचुणीत आणि, खोटं कशाला बोलू, भित्रा. दुपारचा चहा मास्तरांच्या बाकावर व्हायचा. त्यांची गोष्ट एकच. नाबोथाचा द्राक्षमळा राजाला हवा होता. तो देईना. मग राणीने दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचलं आणि मळा राजाला मिळाला.

"राजे असेच हो, मास्तर."

"राजाचं सोडा! त्याला जाब विचारायला देवाने संदेष्टा धाडला. त्या दोन साक्षीदारांची तर नावंही बायबलात नाहीत. घरी जाऊन पोटभर जेवले असतील लेकाचे!"

मी खो खो हसायचो.

ते कुळकायद्याचे दिवस. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार, म्हणून मालकांची धांदल उडालेली. मास्तर तापाने घरी असताना एक शेठ विचुंबे गावच्या आपल्या कुळाला घेऊन कचेरीत आले. कागद तयारच होता : 'राजीखुशीने जमीन सोडतो.' खाली नेहमीची ओळ : 'वाचून दाखविले, समजले.'

"शेठ, काय लिवलंय?" त्याने विचारलं.

"मोजणीचा कागद आहे रे."

त्याने अंगठा उठवला. कूळ बाहेर पडल्यावर हेडक्लार्कनी मला डोळ्याने खुणावलं. त्या ओळीखाली साक्षीदार म्हणून मी सही ठोकली.

आठवड्याने मास्तर कागदाची नक्कल घेऊन आले. "वाचून दाखवलं नव्हतं, एवढंच साहेबांपुढे म्हणा. त्याची जमीन वाचेल."

"वाचलं होतं की," मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

मास्तर रागावले नाहीत. चहाही चालू राहिला. नाबोथाची गोष्ट मात्र त्यांनी मला पुन्हा कधी सांगितली नाही, आणि मलाही ती मागायचं धाडस झालं नाही.

चार-पाच वर्षांनी मास्तर गेले. दफनाला तो विचुंब्याचा माणूसही आला होता, वीटभट्टीवरून तसाच, लाल मातीच्या हातांनी. माती लोटून झाल्यावर माझ्याजवळ आला.

"भाऊसाहेब, मास्तर तुमाला लय मानायचे. आता आमाला कागद तुमीच वाचून दाखवा."

त्या कागदावरच्या साक्षीदाराचं नाव मास्तरांनी त्याला सांगितलंच नव्हतं.