नागुबाईनं बुडवलेले पाय

चारठाण्यात कुणाच्या पायातून नारू निघाला की माणसं नागुबाईकडं धावत. फोडातून दोऱ्यासारखा लांबलचक किडा बाहेर यायचा. ओढला तर तुटायचा, आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर खाटेला. नागुबाई पाय मांडीवर घेऊन तो तुराटीच्या काडीवर रोज बोटभर गुंडाळायची, हट्टी लेकराशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत. तिच्या हातून एकही तुटला नव्हता. याचा तिला भारी तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

तिची एक रीत होती. काडी लावायच्या आधी ती रोग्याला बारवेच्या पायऱ्या उतरवून पाय गार पाण्यात बुडवून बसवायची. आग शमायची आणि नारू आपसूक डोकं बाहेर काढायचा. हे तिला सासूनं शिकवलं होतं. गाव त्याच बारवेचं पाणी प्यायचं.

एकोणीसशे एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात हैदराबादच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर व्यंकटराव नारूचा शोध घ्यायला आले. कुणाला कधी नारू झाला, ते घरोघर लिहून घेतलं. नागुबाईच्या घरी ते अडले. पाणी बारवेचंच, पण या घरात कधी कुणाला नारू झालेला नव्हता.

"महादेवाची कृपा हाय," नागुबाई म्हणाली.

डॉक्टर रांजणाच्या तोंडावरच्या दुहेरी फडक्याकडं बघत राहिले. तिच्या घरी गळ्यातल्या लिंगाची पूजा व्हायची आणि पूजेला गाळलेलंच पाणी चालायचं, म्हणून गाळल्याशिवाय पाणी रांजणात पडतच नसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला चावडीत बोलावून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. रांजणाच्या पाण्यात काही नव्हतं. बारवेच्या पाण्यात बारीक किडे उड्या मारत होते. डॉक्टरांनी सावकाश समजावलं. पाय बुडवला की नारू आपली पिलं पाण्यात सोडतो, ती पिलं या किड्यांच्या पोटात जातात, आणि माणसं पाण्याबरोबर किडे पितात. मग वर्षभरानं पायाला फोड.

"सव्वीस वर्सं मी पाय बुडवायलेय," नागुबाई म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, अक्का. लोकांना एवढंच सांगा, पाणी गाळून प्या. बाकीचं सांगायची गरज नाही."

त्या दिवशी ती जेवली नाही. खरं सांगितलं तर तिच्या मांडीवर पुन्हा पाय कोण ठेवणार? आणि न सांगावं तर लोक बारवेत उतरतच राहणार. सवय तिनंच लावलेली. तिला स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी ती धुरपताबाईकडं गेली. गेल्या साली तिच्या नवऱ्याचा पाय नागुबाईनं बारवेत बुडवला होता, आणि औंदा धुरपताबाईच्याच घोट्याला फोड आलेला. नागुबाईनं उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं, दुर्बिणीसकट. "तुजा नारू माज्यामुळं हाय, धुरपता. आता डॉक्टरला दाखीव."

धुरपताबाई घोटा चोळत म्हणाली, "बसा की खाली."

नागुबाई बसली. धुरपताबाईनं पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "तुमच्यामुळं आला म्हंता, तर तुमीच काढा. त्यो डॉक्टर तोडंल."

नागुबाईनं अंगणातच परातीत पाणी घेऊन तो पाय भिजवला आणि पाणी बारवेपासून लांब, उकिरड्यावर ओतलं. काडी लावताना जन्मात पहिल्यांदा तिचा हात थरथरला.

"थरथरू नका, अक्का," धुरपताबाई म्हणाली. "तुटंल."