खडूची फुली आणि आमचा होइट

होइट गॅडी आमचा ड्रमवाला. आठवडाभर जॅक्सन गावच्या कापसाच्या जिनिंग गिरणीत गठ्ठे बांधायचा आणि शनिवारी नाचघरात ड्रम बडवायचा. हाताला तोड नव्हती, पण लेकाचा एक नंबरचा जळका! आणि जळायचा कुणावर, तर आमच्याच रँडलवर. रँडल गायचा. त्याने कंबर हलवली की पोरी किंचाळायच्या. मी शेजारी माणसाएवढा तारांचा बास धरून उभा; माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. पण मी काय रडत बसलो?

होइटचं दुखणं वेगळं होतं. त्याची बायको आर्व्हेला दर शनिवारी पुढच्या रांगेत बसायची, आणि याला खात्री, की ती रँडललाच बघते.

"अरे, तू बसतोस त्याच्या मागे," मी म्हणायचो. "तिने काय त्याच्या आरपार बघायचं?"

"तेच म्हणतोय मी, वेंडेल! हा बाजूला सरकतच नाही."

छप्पन साली आमचं एक गाणं जरा चाललं आणि नॅशव्हिलला फिल्म काढायला बोलावणं आलं. तिथली रीत अशी, की रेकॉर्ड लावायची आणि आपण नुसते ओठ नि हात हलवायचे. आवाज होऊ नये म्हणून होइटच्या ड्रमवर चक्क घोंगडी टाकली. रँडलसाठी जमिनीवर खडूची फुली. तिथून त्याने हलायचं नाही. आणि ती फुली नेमकी होइटच्या तोंडासमोर!

दुपारी सगळे जेवायला गेले. हा पठ्ठ्या मागेच राहिला. मी परत येऊन बघतो, तर गडी बुटाने फुली पुसतोय! बाजूला नवी काढून मोकळा.

"होइट, काय चालवलंयस हे?"

"गप रे! आर्व्हेलाला एकदा तरी मी नीट दिसलो पाहिजे."

रँडल बिचारा भोळा. फुली दिसली, तिथे उभा राहिला. कॅमेरावाला कुरकुरला, पण वेळ संपत आली होती, म्हणून तसंच उरकलं.

फिल्म गावच्या थेटरात लागली, तेव्हा आर्व्हेला नवा फ्रॉक घालून, आईला आणि चर्चमधल्या बायकांना घेऊन दुपारच्या खेळाला आली. होइट केसांना तेल चोपडून तिच्या शेजारी, मी मागच्या रांगेत.

पडद्यावर रँडल कडेला आणि मधोमध आमचा होइट! आर्व्हेलाने त्याचा हात घट्ट धरला. मग हळूहळू सोडला. पडद्यावरचा होइट डोळे वटारून, दातओठ खात रँडलकडे बघत होता. अख्खं गाणंभर! थेटर खो-खो हसत सुटलं. कुणीतरी ओरडलं, "अरे आवरा, चावेल तो त्याला!" लाजेने माझीच मान खाली गेली.

बाहेर आल्यावर आर्व्हेलाचे डोळे भरले होते.

"दर शनिवारी मान वाकडी करकरून मी तुलाच शोधत असते, होइट. आज पहिल्यांदा सरळ समोर दिसलास, आणि तू बघत होतास त्याला."

होइट खाली बघत उभा राहिला. मला वाटलं, चला, आता तरी डोक्यात प्रकाश पडला. तो घसा खाकरून हळूच म्हणाला,

"पण तुला... रँडल कसा वाटला?"

आर्व्हेलाने आईचा हात धरला आणि ती माहेरच्या रस्त्याने चालू लागली.