पाठीमागची सुई

लालबागला मसाला कुटायला आलेली बाई डंकासमोरून हलत नाही. आपली मिरची भाजून, कुटून, चाळून डब्यात पडेपर्यंत तिची नजर तिथेच असते. पाठ फिरली की माल बदलतो, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं असतं. सुभद्राने सारा जन्म असल्या नजरांपुढे मसाला चाळला, पण कधी राग मानला नाही. पिठाच्या गिरणीत तीही आपल्या डब्याला चिकटून उभी राहायची.

या वर्षी तिच्या कमरेतली कळ डाव्या पायात उतरू लागली. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायामही झाला, पण चाळायला पाटावर बसवेना. मसाल्याचा सीझन तोंडावर आलेला, आणि डंकाचा मालक तिच्या जागी दुसरी बाई बघतोय, असं कानावर आलेलं.

"मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलीय," डॉक्टर म्हणाल्या. "मणक्यात इंजेक्शन दिलं तर नसेची सूज उतरेल. गादी काही जागेवर जाणार नाही. आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही."

बाहेर आल्यावर सुभद्रा मुलाला म्हणाली, "खात्री नाय म्हणतत आणि सुई मणक्यात घालतत. शेजारच्या दगडूचे पाय असेच गेले."

"आई, दगडूकाका जिन्यावरून पडले," दीपक म्हणाला.

"इंजेक्शन घेतलेलं त्याने."

"पडल्यावर. धनुर्वाताचं."

तरी ती गेली, ती पाटाची जागा जाऊ नये म्हणून. तिला पालथं झोपवलं आणि तिथेच बिनसलं. मागे ट्रेमध्ये काहीतरी वाजलं. काय उघडलं, काय भरलं, काही दिसेना. सुईचा दाब जाणवला मात्र, सुभद्राची मान, खांदा, सगळंच मागे वळलं.

"हलू नका." डॉक्टरांनी सुई काढून घेतली. "दुखलं का, मावशी?"

"नाय. काय भरताय ते बघत होते."

"आम्ही काय पाणी भरतो?" नर्स म्हणाली.

"ते मला पालथं पडून कसं कळणार?"

"अशा वळलात तर नसेला इजा होईल," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आज राहू दे का?"

सुभद्राला पाटावर बसलेली दुसरी बाई दिसली. "नाय, आजच द्या. नवी बाटली माझ्यासमोर उघडा."

नर्सने बाटली तिच्या तोंडासमोर धरली, नाव वाचून दाखवलं, तारीखही. डॉक्टरांनी एक्स-रेचा पडदा तिच्या बाजूला वळवून घेतला. "आता डोळे फिरवा, मान नको."

पडद्यावर तिची हाडं होती आणि त्यांत शिरणारी काळी रेघ. सुई निघेपर्यंत सुभद्राने पापणी लववली नाही.

पहिले काही दिवस फरक नव्हता. "फसवलं," ती म्हणाली. मग कळ पोटरीपर्यंतच येऊ लागली, पुढे मांडीपर्यंत.

"गुण आला ना?" दीपकने विचारलं.

"बघू." कळ कुठेतरी दबा धरून बसलीय असं धरूनच ती रोज पाय ताणून बघायची.

सीझनला ती पाटावर बसली. एक जुनं गिऱ्हाईक डबा ठेवून म्हणालं, "मावशी, तुमच्यावर विश्वास आहे. जरा फिरून येते."

सुभद्राने चाळणी थांबवली. पायाने स्टूल पुढे सरकवलं, डाव्याच.

"विश्वास राहू दे. इथे बसा आणि बघा."